एएची मीटिंग शोधताना नागपुरात होणाऱ्या या चुका टाळा

दारू सोडायचं ठरवलेला माणूस एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या स्वमदत गटाच्या मीटिंगपर्यंत पोहोचला नाही की घरचे म्हणतात, त्याची इच्छाच नव्हती. मला हे पटत नाही. ठरवणं आणि त्या खोलीत जाऊन बसणं यांच्यामध्ये बऱ्याच बारीकसारीक गोष्टी आड येतात, आणि त्यातल्या बहुतेक टाळता येतात.

सगळ्यात आधी जिवाशी गाठ असलेली चूक. ‘सोमवारी मीटिंगला जायचं आहे, तर आजपासून एकदम बंद’ असं स्वतःच ठरवू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दोन-तीन दिवसांनी भास होणं, कुठे आहोत याचं भान न राहणं, असंही होतं आणि त्यात माणूस दगावू शकतो. मीटिंगमध्ये औषधोपचार होत नाहीत. त्यामुळे सकाळी उठल्याउठल्या प्यावी लागत असेल किंवा पूर्वी कधी फिट आली असेल, तर आधी डॉक्टर. मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. फिट आली किंवा माणूस बरळायला लागला तर वाट न पाहता १०८ ला फोन करा. औषधं चालू असतानाही मीटिंगला जाता येतं.

दुसरी चूक मोबाइलवर होते. ‘व्यसनमुक्ती नागपूर’ असं शोधलं की भरती करून घेणाऱ्या खासगी केंद्रांच्या जाहिराती आधी दिसतात. केंद्र वेगळं, स्वमदत गट वेगळा. एए १९३५ साली अमेरिकेत सुरू झालं. तिथे पिणं सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसं एकत्र बसून आपला अनुभव सांगतात, बस. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव सांगायची गरज नाही. खर्च सदस्यांच्या ऐच्छिक पैशातून चालतो आणि नवख्यानं काही टाकलं नाही तरी कोणी विचारत नाही. प्रवेशासाठी कोणी पैसे मागत असेल तर ती एएची मीटिंग नव्हे.

पत्ता मिळाला म्हणून थेट निघू नका. गट बहुधा शाळेच्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये, दवाखान्याच्या एखाद्या खोलीत भरतात. परीक्षा आल्या, उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की खोली किंवा वेळ बदलते, आणि यादीत जुनंच राहतं. एए भारताच्या संकेतस्थळावरून हेल्पलाइन नंबर घ्या आणि त्याच दिवशी फोन करा. आज मीटिंग आहे ना, कोणत्या फाटकातून यायचं, मराठीत असते की हिंदीत, ओपन आहे की क्लोज, हे विचारून घ्या. ओपन मीटिंगला बायको, भाऊ, मित्र सोबत बसू शकतात. क्लोज मीटिंग फक्त ज्यांना स्वतःला पिणं सोडायचं आहे त्यांच्यासाठी असते. ‘मी पहिल्यांदाच येतोय, कोणी बाहेर भेटेल का?’ हेही मोकळेपणानं विचारा. हा प्रश्न तिथल्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. फोन लागलाच नाही तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे.

ओळखीचं कोणी दिसेल ही भीती खरी आहे. म्हणून महाल भागातला माणूस सदरकडची मीटिंग शोधतो, आणि सुरुवातीला ते ठीकच आहे. पण रात्री परत येणं जड जातं, मे महिन्यात तर संध्याकाळी सहालाही बाहेर पडवत नाही, आणि दोन आठवड्यांत जाणं सुटतं. लांबची एक आणि घराजवळची एक, अशा दोन मीटिंग हाताशी ठेवा. समोर ओळखीचा निघालाच तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो, आणि इथलं इथेच ठेवायचं हा तिथला नियम आहे.

घरच्यांसाठी थोडं. त्याच्या वतीनं चौकशी करा, नंबर लिहून द्या, पण शेवटचा फोन त्याला करू द्या. आणि ‘न कळत दारू सोडवा’ या जाहिरातींतली पूड चहा-भाजीत कधीही मिसळू नका. त्यात डायसल्फिराम असलं आणि वरून तो प्यायला, तर रक्तदाब एकदम खाली जाऊन जीव जाऊ शकतो. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीत, घेणाऱ्याला माहीत असतानाच द्यायचं असतं. कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन नावाचे वेगळे गट असतात. तो येवो न येवो, घरच्यांनी जायला हरकत नाही.

एका मीटिंगवरून मत बनवू नका. कुठे वयस्कर मंडळी जास्त असतात, कुठे बोलणं लांबतं, कुठे प्रार्थना ऐकून वाटतं की हे काही आपलं नाही. तिथे ईश्वर ज्यानं त्यानं आपापल्या समजुतीप्रमाणे मानायचा असतो, धर्म कोणी विचारत नाही. वेगवेगळ्या गटांच्या चार-पाच मीटिंग करून मग ठरवा. बोलायची सक्ती नसते, नुसतं ऐकलं तरी चालतं.

मध्येच प्यायलात तर ‘आता कोणत्या तोंडानं जाऊ’ म्हणून थांबू नका. सदस्यत्वाला एकच अट आहे, पिणं थांबवण्याची इच्छा. घसरून परत आलेले त्या खोलीत बरेच असतात. बाहेर पडणं जमतच नसेल त्या संध्याकाळी ऑनलाइन मीटिंगला बसा आणि तिथेच कोणाचा तरी फोन नंबर मागून घ्या.