पब्लिक लँडवर हरणांचा हाका: आधी विचारा, मग रान उठवा

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला नऊ दिवसांचा गन डिअर सीझन, म्हणजे बंदुकीने हरणांच्या शिकारीचा हंगाम, सुरू होतो, आणि दरवर्षी ऑफिसमधून नाहीतर शेजारून कोणीतरी आपल्या मंडळींपैकी एखाद्याला विचारतंच, की येतोस का, वीकेंडला ड्राइव्ह करतोय, माणसं कमी पडतायत. मग मला फोन येतो, ताई जाऊ का, नेमकं करायचं काय असतं, धोका किती. मी इथे नऊ सीझन केलेत, त्यातले सात पब्लिक लँडवर, म्हणजे सगळ्यांना शिकारीला खुल्या सरकारी जमिनीवर, तर एकदाच सगळं नीट लिहून ठेवते.

ड्राइव्ह म्हणजे आपला हाका. माझे आजोबा संगमेश्वरकडचे, त्यांच्याकडून रानडुकरांच्या हाक्याच्या गोष्टी ऐकत मी मोठी झाले, डबे बडवत रान उठवायचं आणि पलीकडे बंदूकवाले बसलेले. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि नंतर १९९१ च्या दुरुस्तीने शिकार बंद झाली, त्यामुळे तिकडे कोणी हौस म्हणून यातलं काही करू नका. इथे मात्र लायसन्स आणि टॅग (एक हरीण मारायची परवानगी) घेऊन हे कायदेशीर आहे. काहीजण हाकारे होऊन झाडीतून चालतात, काहीजण पलीकडच्या टोकाला बसतात, आणि मधे लपलेली व्हाइटटेल हरणं उठून बसलेल्यांच्या दिशेने निघतात. सीझनचे पहिले दोन दिवस गोळ्यांचे आवाज झाले की हरणं दिवसा पाणकणसात आणि आल्डरच्या दाट झुडपात दडून बसतात, नुसतं झाडावर चढून वाट बघितली तर संध्याकाळपर्यंत एक दिसत नाही, म्हणून थँक्सगिव्हिंगच्या आसपास हाके जास्त होतात.

पण खाजगी शेतावरचा हाका आणि पब्लिक लँडवरचा हाका यात जमीनअस्मानाचा फरक आहे. शेतावर कोण कुठे आहे ते मालकाला माहीत असतं. काउंटी फॉरेस्टमध्ये किंवा स्टेट वाइल्डलाइफ एरियात तुमच्या आधी पहाटे साडेचारला कोणीतरी टॉर्च लावून आत जाऊन बसलेलं असतं आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसतो. तुम्ही हाका घातलात की तो त्याच्यावरही घातला जातो, त्याने हो म्हटलेलं असो वा नसो.

माझ्या दुसऱ्या सीझनला आम्ही हेच केलं. सकाळचे आठ वाजलेले, सहाजण रांगेत चालत निघालो आणि अर्ध्या वाटेत एका पडलेल्या ओकला टेकून बसलेले आजोबा दिसले, शेजारी बारा-तेरा वर्षांची नात, तिच्या मांडीवर घोंगडी. आमच्यामुळे त्यांच्या समोरचं सगळं रान उठून गेलं होतं. ते काही बोलले नाहीत. थर्मासचं झाकण फिरवून बंद केलं, मुलीच्या टोपीवरचा बर्फ झटकला आणि दोघं उठून गाडीकडे चालायला लागले. पार्किंगमध्ये त्यांचा पिकअप आमच्या गाडीच्या शेजारीच उभा होता, आम्ही तो बघितला होता आणि तरी आत गेलो होतो.

म्हणून पहिलं काम पार्किंगमध्ये. गाड्या मोजा. तुमच्याव्यतिरिक्त एकही गाडी असेल तर आत माणूस आहे असं धरून चाला, आणि हाक्याआधी एकाने, फक्त एकाने, बंदूक रिकामी करून वाटेवाटेने जाऊन त्याला शोधायचं. पॉप-अप ब्लाइंड, म्हणजे लपून बसायचा छोटा तंबू, लावलेला असेल तर सीझनमध्ये डीएनआरच्या (राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या) जमिनीवर त्याला चारी बाजूंनी दिसेल असं १४४ चौरस इंच ऑरेंज लागतं, त्यामुळे नीट बघितलं तर सापडतो. समोरून, तो बघू शकेल असं जा, लांबूनच हात करा, हळू आवाजात बोला. सांगायचं इतकंच, आम्ही इतके जण आहोत, या बाजूने त्या बाजूला जाणार, साधारण इतक्या वाजता, तुम्हाला चालेल का. बरेचदा लोक खूश होतात, कारण हरणं त्यांच्याकडेही येऊ शकतात, काहीजण तर म्हणतात मी त्या कोपऱ्यावर बसतो. पण तो नाही म्हणाला तर विषय संपला, दुसरं रान शोधा. हुज्जत घालू नका, 'पब्लिक लँड आहे, आमचाही हक्क आहे' हे तर अजिबात नको, हक्क त्याचाही तितकाच आहे आणि तो आधी आलाय. मुद्दाम दुसऱ्याची शिकार बिघडवणं हा विस्कॉन्सिनमध्ये गुन्हासुद्धा आहे.

वेळेचं माझं मत ठाम आहे. ओपनिंगच्या दिवशी सकाळी पब्लिक लँडवर हाका घालूच नये. बाकी दिवशी साडेदहा ते दोन. सकाळ आणि शेवटचा दीड तास बसून शिकार करणाऱ्यांचा असतो, तेव्हा हरणं आपणहून फिरतात.

आता माणसं. पाच-सहा पुरेत. मोठा ग्रुप म्हणजे जास्त हरणं असं वाटतं, पण प्रत्यक्षात कोण कुठे आहे हेच कळेनासं होतं. एकजण कॅप्टन, आणि त्याचं म्हणणं शेवटचं, वयाने कोण मोठा आणि बंदूक कोणाची महाग याचा संबंध नाही. निघण्याआधी गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरा, प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने सांगायचं मी कुठे असणार, माझ्या डावीकडे कोण, उजवीकडे कोण, आणि मी कुठल्या दिशेला कधीच गोळी झाडणार नाही. नुसती मान डोलावलेली चालत नाही. कडेची खाजगी जमीन कुठे सुरू होते, रस्ता कुठे आहे, घर कुठे आहे हे तेव्हाच दाखवून घ्या. जखमी हरीण कुंपणापलीकडे गेलं तरी मालकाला विचारल्याशिवाय त्याच्यामागे जाता येत नाही.

कपड्यांचं १९८० पासून सक्तीचं आहे, कमरेच्या वरच्या बाहेरच्या कपड्यांचा निदान निम्मा भाग ब्लेझ ऑरेंज, टोपी घातली तर तीही निम्मी, आणि २०१६ पासून फ्लुरोसंट पिंकही चालतो. हाक्यात मी निम्म्यावर थांबू देत नाही, पूर्ण जॅकेट, पूर्ण टोपी, आणि पाठीवर सॅक घेतली तर सॅकवरही ऑरेंज, कारण जॅकेटचा पाठीचा रंग सॅकखाली झाकला जातो आणि मागच्याला तुम्ही दिसतच नाही. हरणाला हा रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, त्यामुळे काटकसर करण्याचं कारणच नाही. पांढरे हातमोजे, पांढरा रुमाल घरी ठेवा. व्हाइटटेल पळताना शेपटी वर करतं ती पांढरीच दिसते.

बसणारे आधी जातात, गुपचूप, लांबून वळसा घालून. वारा हाकाऱ्यांच्या पाठीवर आणि बसणाऱ्यांच्या तोंडावर असावा, म्हणजे बसणाऱ्यांचा वास हरणांपर्यंत जात नाही. बसणारा एकदा बसला की बसला. हरीण कोपऱ्यावरून निसटताना दिसलं तरी दहा पावलं पुढे सरकायचं नाही, कारण बाकी सगळे तुम्ही जिथे आहात असं सांगितलंत तिथेच तुम्हाला धरून चाललेत.

आता खरा मुद्दा, गोळी. झाडावरच्या स्टँडवरून झाडलेली गोळी चुकली तरी जमिनीत जाते. हाक्यात सगळे जमिनीवर, हरीण पळतं, बंदूक आडवी, आणि आडवी चुकलेली गोळी जाते ती जातेच, थर्टी-ऑट-सिक्स या नेहमीच्या रायफलची गोळी तीन मैलांपर्यंत जाऊ शकते. २०१३ पासून विस्कॉन्सिनभर हरणांसाठी रायफल चालते, पूर्वी दक्षिणेकडच्या बऱ्याच काउंट्यांमध्ये शॉटगनच होती, त्यामुळे जुन्या लोकांच्या डोक्यातलं अंतर आणि आजचं अंतर वेगळं आहे.

माझ्या तिसऱ्या सीझनला मी बसलेली होते, पाणकणसाच्या कडेला. एक डो, म्हणजे मादी, बाहेर आली, डावीकडे वळली आणि मी स्कोपमधून तिच्यामागे बंदूक फिरवत गेले. काचेत आधी तिची मान, मग करड्या काड्या, मग एकदम केशरी. आमच्यातल्याच एकाची टोपी. तो पाण्याचं डबकं टाळायला वळसा घालून रांगेच्या बराच पुढे आला होता आणि कोणाला सांगितलं नव्हतं. माझं बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर होतं, हंटर एज्युकेशनच्या क्लासमध्ये हजार वेळा घोकून घेतलेलं, म्हणून मी आज हे लिहितेय. बंदूक खाली ठेवून मी खूप वेळ नुसती बसून होते.

तेव्हापासून बसल्या बसल्या मी आधी दोन झाडं ठरवते. एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि त्या दोघांच्या मधलीच जागा माझी. हरीण डावीकडच्या झाडापलीकडे गेलं की बंदूक खाली, मग तो कितीही मोठा बक, म्हणजे नर, असो. हाकाऱ्यांच्या दिशेने गोळी नाहीच, हरीण आपल्याला ओलांडून पुढे गेलं आणि मागे मातीचा चढ असेल तरच झाडायची. टेकाडाच्या माथ्यावर आभाळासमोर उभं असलेलं हरीण सोडून द्यायचं. आणि स्कोपने कधीही 'कोण आहे ते' बघायचं नाही, त्यासाठी दुर्बीण गळ्यात असते.

हाकाऱ्यांच्या बंदुका आमच्याकडे रिकाम्या असतात. यावर वाद होतात मला माहितीय, कारण हरणं बरेचदा दोन हाकाऱ्यांच्या मधून मागे फुटतात आणि हातात भरलेली बंदूक असली तर मोह होतो, पण नेमक्या त्याच क्षणी तुमच्या शेजारचा माणूस झुडपात कुठे आहे हे तुम्हाला नक्की सांगता येत नाही. रांग तीस-चाळीस पावलांवर, दाट असेल तर अजून जवळ. डावीकडचा आणि उजवीकडचा केशरी रंग दिसत राहिला पाहिजे. दिसेनासा झाला की थांबा आणि नावाने हाक मारा, उत्तर आल्याशिवाय पाऊल टाकू नका. आरडाओरडा करत धावू नका, त्याने हरणं चौखूर उधळतात आणि पळत्या हरणावर वाईट गोळ्या झाडल्या जातात. हळू, थोडं नागमोडी, मधे मधे मिनिटभर थांबत चाललात तर हरीण चालत बाहेर येतं, थांबून मागे बघतं, आणि बसणाऱ्याला नीट एक गोळी मिळते.

नवीन लोकांसाठी दोन गोष्टी. १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतरचा जन्म असेल तर हंटर एज्युकेशन लागतं. त्याशिवाय मेंटॉरबरोबर शिकार करता येते, पण मेंटॉर हाताच्या अंतरावर हवा, आणि हाक्यात ते जमत नाही, त्यामुळे पहिल्या वर्षी बंदूक न घेता केशरी जॅकेट घालून नुसते हाकारे व्हा. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक हातात घेण्याआधी राज्याचं हंटिंग लायसन्स असावं लागतं, मित्राची बंदूक पाच मिनिटं धरण्यासाठीसुद्धा.

ग्रुपमध्ये एकाने दुसऱ्याच्या टॅगवर हरीण मारणं इथे चालतं, पण दोघं एकमेकांना दिसत किंवा नुसत्या आवाजाने ऐकू येत असले पाहिजेत, फोन आणि वॉकीटॉकी त्यात धरत नाहीत.

हाका संपला हे कॅप्टन सांगतो, तोपर्यंत कोणी उठत नाही. मग आधी बंदुका रिकाम्या, एकमेकांना दाखवून, मग डोकी मोजायची, आणि सगळी भरली की मगच हरणाकडे जायचं. रक्ताच्या मागावर दोघंच जा, सगळा जथा नको. अनोळखी माणसाने आधी जखमी केलेलं हरीण तुमच्या समोर पडलं तर त्याला येऊ द्या, बोला, पहिली जिव्हारी गोळी ज्याची त्याला द्या. ओढत नेताना हरणाच्या अंगावर केशरी कापड बांधा, झुडपातून सरकणारी तपकिरी पाठ लांबून जिवंत हरणासारखीच दिसते. मारलेल्या हरणाचं रजिस्ट्रेशन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत, फोनवरून दोन मिनिटांत होतं.

आणि गाडीत बसण्याआधी ज्यांना सकाळी विचारलं होतं त्यांच्याकडे एकाने परत जायचं, आमचं झालं, आम्ही सगळे बाहेर आलो, हे सांगायला. आपली माणसं अजून रानात आहेत असं धरून ते बंदूक खाली ठेवून बसलेले असतात.