अंदमानला दिवाळीत नको, फेब्रुवारीत जा
दसऱ्यापर्यंत मुंबईतला पाऊस ओसरतो, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत अंदमान ठरवणारे बरेच असतात. पण तिथे नैऋत्य मोसमी पावसानंतर ईशान्य मोसमी वाऱ्यांचाही पाऊस येतो, आणि तो नोव्हेंबरात, कधी डिसेंबरातही पडतो. समुद्र खवळला की स्वराजद्वीपची, म्हणजे जुन्या हॅवलॉकची, फेरी रद्द होते आणि पुढचं सगळं बुकिंग कोलमडतं. मुलांच्या परीक्षा आड येत नसतील तर फेब्रुवारीच गाठा: समुद्र शांत, पाणी नितळ, प्रवाळ छान दिसतात. मार्चही चालेल, उकाडा थोडा वाढतो. आणि हो, तिथे सूर्य मुंबईच्या बराच आधी मावळतो. स्वराजद्वीपच्या राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्तासाठी साडेचारलाच पोहोचा. परतीच्या विमानाआधीचा एक दिवस मोकळा ठेवाच.