पुणे ते कन्याकुमारी, गटाने सायकलवर: निघण्याआधीची तयारी

सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, तुमकूर, बंगळूर, सालेम, मदुराई असं महामार्गाने गेलं की पुणे ते कन्याकुमारी सुमारे १५०० किलोमीटर भरतं. बारा जणांच्या गटाने चालवण्याचे १४ आणि विश्रांतीचे २ असे १६ दिवस धरावेत. तयारीला सामानापासून सुरुवात करू नका. आधी तारीख, मग शरीर, मग सायकल, मग गटाचे नियम आणि सगळ्यात शेवटी बॅग. बॅग एका संध्याकाळी भरून होते, गुडघे आणि बसण्याची सवय यांना तीन महिने लागतात.

तारखेसाठी पाऊस आणि सण दोन्ही बघा. तामिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो आणि मार्चपासून तिथलं ऊन दुपारी रस्त्यावर थांबू देत नाही. या दोन्हींच्या मधला जानेवारी महिना उत्तम. पण संक्रांतीच्या दिवसांत तिकडे पोंगल असतो. तेव्हा छोटी हॉटेलं आणि गॅरेज बंद असतात आणि लॉज भरलेले असतात. शबरीमलाचे यात्रेकरूही मकरज्योतीपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, कन्याकुमारीत गर्दी करतात. म्हणून १० जानेवारीच्या आसपासच्या शनिवारी निघा. रोज १०० ते १२० किलोमीटर केले, एकदाच दावणगेऱ्याला १४५ केले आणि हुबळीला एक दिवस थांबलात, तर नवव्या दिवशी, रविवारी, तुमकूरहून होसूरला जाताना बंगळूर ओलांडाल. ते शहर कामाच्या दिवशी सायकलींच्या रांगेने ओलांडणं म्हणजे अर्धा दिवस आणि सगळ्यांची सहनशक्ती घालवणं. पोंगलही तोवर उरकलेला असतो. दुसरा विश्रांतीचा दिवस मदुराईला ठेवा. दिंडिगुल–मदुराई जेमतेम ६५ किलोमीटर आहे, त्यामुळे तिथे खरं तर दीड दिवस मिळतो.

शरीराची तयारी बारा आठवडे आधी सुरू करा आणि पहिल्याच आठवड्यात सीटची उंची ठरवून टाका. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. एका वेळी तीन-चार मिलिमीटरच हलवा आणि शेवटच्या महिन्यात सीट, पेडल, बूट काहीही बदलू नका. नवीन सीट पहिले ५० किलोमीटर छानच वाटते. ती लागते कुठे, हे तिसऱ्या दिवशी कळतं. आठवड्याचं एकूण अंतर दर आठवड्याला साधारण दहा टक्क्यांनी वाढवा. जड गिअर रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर मिनिटाला ८० ते ९० फेरे मारायची सवय लावा, गुडघ्यावरचा भार त्यानेच कमी होतो. एकट्या रविवारी १५० किलोमीटर मारण्यापेक्षा शनिवारी १०० आणि रविवारी पुन्हा १०० हे जास्त उपयोगाचं, कारण मोहिमेत खरा प्रश्न दुसऱ्या सकाळचा असतो. निघण्याआधी चार आठवडे पूर्ण सामानासह पुणे–वाई–पाचगणी करा, मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी परत या. पसरणीचा घाट कोणाच्या गिअरमध्ये दम नाही ते दाखवतो आणि परतीचा रस्ता गटाचा खरा वेग सांगतो. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर सगळ्यात मागे असणाऱ्याचा वेग तोच गटाचा वेग. रोजचं वेळापत्रक त्याच्यावर बसवा. खांबाटकीला हा हिशेब पहिल्याच दिवशी लागू होतो.

सायकलींचं काम करताना आधी एक कागद करा. प्रत्येक सायकलच्या चाकाचा आणि टायरचा आकार, ट्यूबच्या व्हॉल्व्हचा प्रकार, गिअर किती स्पीडचा, ब्रेक रिमचा की डिस्कचा, पॅड कोणते, हे सगळं त्या एकाच कागदावर यायला हवं. बारा सायकलींना पाच प्रकारच्या ट्यूब लागत असतील तर गटाकडे साठ ट्यूब असूनही ऐन वेळी हवी ती नसते. टायर बदलण्याजोगे असतील त्यांनी ७०० बाय ३२ किंवा ३५ (मिलिमीटर रुंदीचे) घ्यावेत. २५ चा बारीक टायर कमी श्रमात वेग देतो, पण महामार्गाच्या कडेच्या खडीत आणि पुलाच्या लोखंडी सांध्यांवर तो रिमपर्यंत दबतो आणि ट्यूबला सापाच्या चाव्यासारखी दोन भोकं पडतात.

सर्व्हिसिंग निघायच्या तीन आठवडे आधी करून घ्या, आदल्या दिवशी अजिबात नको. नवी केबल आणि तिचं आवरण पहिल्या दीडशे-दोनशे किलोमीटरमध्ये बसतं आणि गिअर सरकतात. नव्याने ताणलेले स्पोकही थोडे ढिले होतात, तेव्हा रिमचा आउट, म्हणजे डुलणं, पुन्हा काढावा लागतो. चेन मोजून बघा: एका पिनपासून पुढच्या चोविसाव्या पिनपर्यंत १२ इंच, म्हणजे ३०५ मिलिमीटर भरायला हवं. दीड मिलिमीटर जास्त भरलं की चेन बदला. जुन्या झिजलेल्या कॅसेटवर (मागच्या चाकावरच्या दात्यांच्या चकत्यांवर) नवी चेन चढावर उड्या मारते, म्हणून तीही तीन आठवडे आधीच तपासलेली बरी. पेडल काढून आट्यांना ग्रीस लावून पुन्हा बसवा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात आणि कोरडे बसवलेले पेडल परतीच्या पॅकिंगच्या वेळी निघत नाहीत. कॅरिअरचे बोल्ट बहुतेक ५ मिलिमीटरचे असतात. त्यांना आटे धरून ठेवणारा निळा द्रव लावा आणि तसेच सहा बोल्ट जवळ ठेवा. भरल्या कॅरिअरचा एक बोल्ट पडला की दुसरा त्याच दिवशी तुटतो.

सुटे भाग दोन ठिकाणी विभागा. प्रत्येकाच्या अंगावर दोन ट्यूब, पॅच, दोन टायर लिव्हर, छोटा पंप, अॅलन की आणि आपल्या चेनच्या स्पीडची एक क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) हवीच, सोबत गाडी असली तरी. गटाच्या पेटीत आणखी सहा ट्यूब, घडी होणारे दोन टायर, तीस पॅच आणि ताजं सोल्यूशन, चार गिअर केबल, तीन ब्रेक केबल, प्रत्येक सायकलसाठी ब्रेक पॅडची एक जोडी, चेन तोडायचं अवजार, कॅसेट काढायचं अवजार, स्पोकची चावी, चेन ऑइल, झिप टाय, इन्सुलेशन टेप आणि एक उभा पंप. स्पोक घेताना मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंची लांबी वेगळी असू शकते हे लक्षात ठेवा. गिअरच्या बाजूचे जास्त तुटतात. डिरेल्युअर हँगर, म्हणजे मागचा गिअर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, मात्र ज्याचा त्याने आणायचा. तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, सायकल उजव्या बाजूला आडवी पडली की वाकतो आणि वाटेतल्या हिरियूरला काय, दिंडिगुललाही दुकानात तुमच्या मॉडेलचा मिळेल याची खात्री नाही.

पेटीत एक टोकदार चिमटा विसरू नका. महामार्गावरची बहुतेक पंक्चरं खिळ्याने होत नाहीत. ट्रकचे टायर फुटले की त्यांतल्या पोलादी तारांचे केसासारखे तुकडे कडेला पसरतात आणि ते रबरात घुसतात. वरून काही दिसत नाही. ट्यूब बदलता, दोन किलोमीटरवर पुन्हा हवा जाते. यावरचा उपाय घरीच करून ठेवायचा: टायर बसवताना त्यावरचं छापील नाव बरोबर व्हॉल्व्हपाशी आणा. मग पंक्चर झाल्यावर ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा, ते व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते टायरवर मोजा आणि तेवढ्याच जागी टायर आतून उलटा करून बघा. बोटाऐवजी कापसाचा बोळा फिरवा, तारेला धागा अडकतो. तार आतल्या बाजूने टोचत असेल तर चिमट्याने पकडून ओढून काढा. हे प्रत्येकाला दहा मिनिटांत जमलं पाहिजे. निघण्याआधीच्या रविवारी सगळ्यांना एकदा मागचं चाक काढून करायला लावा, कारण पुढचं सगळ्यांनाच जमतं.

गटाचे नियम लेखी ठेवा. बारा जणांची एक रांग ट्रकचालकाला ओलांडता येत नाही. चार-चार जणांच्या तीन तुकड्या करा आणि दोन तुकड्यांत दोनशे मीटर तरी अंतर ठेवा. प्रत्येक तुकडीला एक पुढारी आणि एक शेपूट. शेपटीच्या माणसाकडे पंप आणि प्रथमोपचार, आणि त्याच्या मागे कोणी राहायचं नाही. दर २५ किलोमीटरला सगळे एकत्र. जिथे वळायचं तिथे मागचा दिसेपर्यंत पुढच्याने हलायचं नाही. पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपलं पुढचं चाक कधीही आणू नका. गटातले अपघात बहुतेक असेच होतात: पुढचा खड्डा चुकवायला एक वीत सरकतो आणि पडतो तो मागचा. सामान असेल तर निदान दोन मीटर सोडा. खड्डा, खडी, थांबतोय, मागून गाडी, एवढे चार पुकारे पुरेत, पण ते प्रत्येकाने मागे पोचवायचे. कानात इअरफोन नको.

वेळेचा नियम सोपा ठेवा: उजाडल्यावर निघायचं आणि साडेतीनच्या आत मुक्कामी पोचायचं. जानेवारीत पुण्यात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, म्हणून पावणेसातच्या आधी चाकं हलवू नका. साताऱ्यापासून बेळगावापर्यंत तेव्हा गाळपाचा हंगाम असतो. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागे दिवा नसताना चालतात आणि कडेला पडलेलं कांडं चाकाखाली आलं की सायकल घसरते. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. प्रत्येकी दोन असावेत आणि ते रोज रात्री चार्ज करायचे. कात्रजला नव्या बोगद्याऐवजी जुना घाट घ्या. धर्मपुरी आणि सालेमच्या मधला तोप्पूरचा उतार अवजड गाड्यांच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. तिथे तुकड्या मोडून एकेकटे, पन्नास मीटर अंतराने उतरा. रिम ब्रेकवाल्यांनी ब्रेक सतत दाबून धरू नयेत, तापलेल्या रिमवर ट्यूब फुटते. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. तिरुनेलवेलीच्या पुढे मुप्पंदल–आरलवायमोळीच्या खिंडीच्या आसपास पवनचक्क्यांचं रान आहे. तिथला आडवा वारा हलक्या सायकलला रस्त्यात ढकलतो, त्यामुळे शेवटच्या दिवशीही अंतर सोडूनच चालवायचं.

सोबत गाडी असेल तर तिने मागे-मागे रांगायचं नाही, त्याने ट्रक अचानक लेन बदलतात. ठरलेल्या २५ किलोमीटरच्या ठिकाणी जाऊन तिने उभं राहावं. त्यात वीस लिटरचे दोन जार, केळी, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खजूर आणि मिठाच्या शेंगदाण्यांची एक बरणी ठेवा. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात. पाणी उन्हात तासाला अर्धा ते पाऊण लिटर. नुसतं पाणीच ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि डोकेदुखी, मळमळ सुरू होते, म्हणून रोज प्रत्येकी ओआरएसची दोन पाकिटं धरा, एक पाकीट एक लिटरमध्ये, आणि मिठाचं खाणं चालू ठेवा. हुबळीच्या पुढे इडली, पोंगल (तांदूळ-मुगाची खिचडी), दहीभात सकाळपासून मिळतो. भूक लागायच्या आधीच्या थांब्यावर खाऊन घ्या.

औषधांच्या डब्यात सलाइनच्या छोट्या बाटल्या, जखमेचं मलम, गॉझ, क्रेप बँडेज, पॅरासिटामॉल, जुलाबावरचं आणि अॅलर्जीवरचं औषध. गुडघा दुखतो म्हणून रोज वेदनाशामक गोळी घेऊन चालवू देऊ नका. अंगात पाणी कमी असताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. ज्याला दुखतंय त्याने गाडीत बसावं, आणि त्याला कोणी काही बोलायचं नाही, हेही नियमांत लिहा. प्रत्येकाच्या हँडलच्या पिशवीत रक्तगट, चालू औषधं, अॅलर्जी आणि घरचा नंबर लिहिलेलं कार्ड. आपत्कालीन ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गाची मदत १०३३, हे तीन नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये.

बॅगेत कमीत कमी भरा: पॅडच्या तीन चड्ड्या, तीन जर्सी, रात्रीचा एक जोड, विंडचीटर, सनस्क्रीन, मांड्यांना लावायचं क्रीम, कपडे धुवायचा साबण आणि दोरी. पॅडची चड्डी रोज धुवायचीच, ओल्या-घामट कापडाने गळवं येतात आणि मोहीम तिथेच संपते. धुतलेली सकाळपर्यंत पूर्ण वाळत नाही, म्हणून तीन. पैशांसाठी सामाईक निधी आणि एकच खजिनदार, यूपीआय असलं तरी दोन दिवसांची रोकड प्रत्येकाकडे.

परतीचं आरक्षण निघण्याआधीच झालेलं हवं. सायकली रेल्वेने पाठवायच्या तर पार्सल डब्यातली जागा मिळेलच असं नसतं, त्यामुळे हातात एक जादा दिवस ठेवा किंवा सोबतच्या गाडीतून त्या परत आणायचं आधीच ठरवा. रेल्वेने पाठवताना पेडल काढून हँडल आडवं करा, डिरेल्युअरभोवती पुठ्ठा बांधा, दिवे आणि मीटर काढून घ्या, नाव-नंबर आणि स्थानक लिहिलेली दोन लेबलं फ्रेमला आणि चाकाला लावा. त्यासाठी १५ मिलिमीटरचा पान्हा, पुठ्ठा आणि चिकटपट्टी लागते. पान्हा पुण्याहूनच पेटीत टाका.