केबलवाल्याला फोन करण्याआधी: मालिकेतलं आवडतं माणूस गेलं तर

मी साताऱ्यात करंजे आणि शाहूपुरीच्या काही गल्ल्यांत केबल चालवतो. चित्र फुटत असेल, बॉक्सवर लाल दिवा अडकला असेल, तर बिनधास्त फोन करा, शिडी घेऊन येतो. पण "आवो दादा, ही जयडी आमची न्हाई, जुनी लावा की" याचं बटण माझ्याकडं नाही. 'लागिरं झालं जी' मालिकेतली जयडीची भूमिका किरण ढाणेनं सोडली आणि पूर्वा शिंदे आली, तेव्हा असे फोन मला खरोखर आले. शूटिंग आपल्याच जिल्ह्यात, बोली आपली, त्यामुळं लोकांना वाटायचं की पोवई नाक्यावर कुणाला तरी सांगितलं की काम होईल. वसुलीला गेलं की दारात चहा, आणि चहाबरोबर हीच तक्रार. इतकी वर्षं ऐकल्यावर यातनं कसं निभावायचं ते मला बऱ्यापैकी समजलंय, म्हणून लिहितोय.

नायक-नायिकेचं सोडा. ती गेली तर पेपरात फोटो येतो, मुलाखत येते, कधी मालिकाच गुंडाळतात. आजी, मामी, खलनायिका, नायकाचा तो बावळट मित्र, यांचं तसं नसतं. सोमवारी असतात, मंगळवारी नसतात. आणि गंमत अशी की ज्या घरात मी जातो तिथं नायिकेवर फारसं कुणी बोलत नाही, गप्पा सगळ्या मामीच्या असतात. मामी गेली की रोजचं बोलणंच तुटतं. लोक रागावतात ते मुख्यतः याच्यावर, की साधं "येते" म्हणायचा सीनसुद्धा दिला नाही.

तर पहिलं काम, माणूस कसं गेलंय ते ओळखा. पात्र एकाएकी फक्त फोनवर बोलायला लागलं, तेही रोज त्याच साडीत, त्याच भिंतीपुढं, तर बहुतेक वेळा त्या कलाकाराचे सीन एका बैठकीत उरकून ठेवलेले असतात. "ती नाशिकला मावशीकडं गेलीय" असं दुसऱ्याच पात्राच्या तोंडी आलं, तर अजून काही ठरलेलं नाही असं धरा. ती परतही येऊ शकते. अपघात होऊन तोंडाला पट्ट्या बांधल्या, तर चेहरा बदलणार. आणि कथा एकदम काही वर्षं पुढं गेली, तर कोण कोण उरलंय ते आधी मोजून घ्या, रडायचं ते नंतर.

दुसरं काम, कारण शोधा, पण नीट ठिकाणी. मोबाईलवर लाल बाणाची चित्रं टाकून "धक्कादायक!" म्हणणाऱ्या व्हिडिओंवर जाऊ नका, ते जिवंत माणसाला दर महिन्याला मारतात. कलाकाराचं स्वतःचं खातं बघा, पेपर बघा. कारण बऱ्याचदा अगदी आपल्या घरातल्यासारखं असतं. 'तुझ्यात जीव रंगला'मधल्या वहिनीसाहेब, धनश्री काडगावकर, 2020 मध्ये बाळंतपणामुळं थांबल्या आणि त्यांच्या जागी माधुरी पवार आली. 'माझ्या नवऱ्याची बायको'ची शनाया म्हणजे रसिका सुनील 2018 मध्ये शिकायला अमेरिकेला गेली. हे कळल्यावर आमच्याकडच्या एका काकूंचा राग जागच्या जागी उतरला. "मग जाऊ दे की, शिकली तर बरंच हाय," म्हणाल्या. तोवर त्या शनायाला मालिकेत रोज शिव्या देत होत्या, ते वेगळं.

कधी कारण वादाचंच असतं. जानेवारी 2022 मध्ये 'मुलगी झाली हो'मधनं आपल्या साताऱ्याच्या किरण मानेंना काढलं, तेव्हा ते एक कारण सांगत होते, मालिकेवाले दुसरं, आणि आमच्या गल्लीत दोन तट पडले. अशा वेळी चहाच्या गाडीवर न्यायाधीश होऊ नये, एवढंच माझं मत.

2020 सालचं मात्र जरा सविस्तर सांगायला पाहिजे. लॉकडाऊननंतर शूटिंगला परवानगी देताना सरकारनं 30 मेच्या नियमांत 65 वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर यायला मनाई केली होती. जुलैत नवे भाग सुरू झाले, तर अनेक मालिकांतली आजी-आजोबा गायब! कुणी गावाला, कुणी यात्रेला, कुणी नुसतंच आतल्या खोलीत. 7 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयानं ती अट रद्द केली. पण मधल्या त्या दिवसांत करंज्यातल्या एक आजी मला दाराच्या आतूनच म्हणाल्या, "आमाला घरातनं भाईर पडू देईनात, आन् आता टीव्हीतबी ठेवंनात." त्यांना मी तो नियम समजावून सांगितला. कारण कळलं की निम्मं दुखणं कमी होतं, आणि वयस्कर माणसांना ते कुणीतरी समोर बसून सांगावं लागतं. घरातल्या पोरांनी हे काम अंगावर घ्यावं.

सगळ्यात अवघड म्हणजे कलाकारच वारतो तेव्हा. इथं काही गोष्टी पाळाच. बातमी एपिसोड चालू असताना सांगू नका, आधी सांगा. आणि सांगताना खरं नाव आधी घ्या. 16 ऑगस्ट 2025 ला ज्योती चांदेकर गेल्या, तेव्हा आमच्या भागात "पूर्णा आजी वारल्या" अशी बातमी फिरली. 'ठरलं तर मग' रोज बघणाऱ्या एका आजोबांना वाटलं, कथेत मारलं. त्यांनी चॅनलला आणि मला मिळून बरंच ऐकवलं. नंतर खरं कळल्यावर गप्पच झाले, जेवलेही नाहीत म्हणे. "ज्योती चांदेकर गेल्या, पूर्णा आजींचं काम करायच्या त्या" असं सरळ सांगितलं असतं तर हा घोळ झाला नसता. मग त्यांचा एखादा जुना सीन सगळ्यांनी मिळून बघायचा. झी मराठीच्या मालिका झी५ वर, स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर सापडतात. मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर आजोबांना दाखवू नका, टीव्हीला जोडून द्या. जमत नसेल तर यासाठी मात्र मला फोन करा.

साताऱ्याला हे दुःख जवळनं माहीत आहे. 'आई माझी काळुबाई'चं शूटिंग आपल्याकडं चालू असताना आशालता वाबगावकरांना कोरोना झाला आणि 22 सप्टेंबर 2020 ला त्या साताऱ्यातच गेल्या. 'लागिरं झालं जी'मध्ये जिजी झालेल्या कमल ठोके तर कराडच्या, पेशानं शिक्षिका. नोव्हेंबर 2020 मध्ये त्या गेल्या तेव्हा ती मालिका संपून वर्ष उलटलं होतं, तरी माणसं घरातलं कुणी गेल्यासारखी बोलत होती. याला कुणी वेडेपणा म्हणालं तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. दोन वर्षं रोज संध्याकाळी जी बाई आपल्या घरात बोलत होती, तिच्यासाठी वाईट वाटणारच.

आता नवीन चेहऱ्याचं काय करायचं? माझा उपाय विचित्र वाटेल, पण लागू पडतो. पहिला आठवडा बघू नका, नुसतं ऐका. स्वयंपाकघरात भाकऱ्या थापता थापता आवाज येऊ द्या. डोळ्यांना जुना चेहरा हवा असतो, कान लवकर तयार होतात. दुसरं म्हणजे निकाल पहिल्या आठवड्यात देऊ नका. तेव्हा नवीन बाईला जुनीचीच वाक्यं, जुनीच लकब दिलेली असते, ती नवीन सुनेसारखी दुसऱ्याच्या मापाचं ब्लाऊज घालून वावरत असते. मंगळागौर, दिवाळी, एखादं लग्न असा मोठा भाग येईपर्यंत थांबा. तिथं घरभर माणसं असतात, भांडण असतं, नाच असतो; नवीन माणूस त्यात सामावलंय की कोपऱ्यात उभं आहे, ते लगेच दिसतं.

आणि "मूळची ती मूळची" यावर फार अडून बसू नका. 'तारक मेहता'तले डॉक्टर हाथी घ्या. कवि कुमार आझाद जुलै 2018 मध्ये वारले आणि निर्मल सोनी आले, तेव्हा लोक म्हणाले, खऱ्या हाथीची सर नाही. पण सुरुवातीला 2008 मध्ये हाथी सोनीच होते! आझाद नंतर आले होते. शनायाचंही तसंच. रसिका गेली, ईशा केसकर आली, लोकांनी नाकं मुरडली. 2020 मध्ये रसिका परत आली, तर आता ईशाची सवय झालेली मंडळी माझ्याकडं तक्रार घेऊन हजर. पूर्णा आजी म्हणून रोहिणी हट्टंगडी आल्या, तेव्हा मात्र कुणी कुरकुर केल्याचं माझ्या कानावर नाही. त्यांची 'चार दिवस सासूचे' 2001 ते 2013 घरात चालू होती, तेवढी पुण्याई पुरते.

नवीन कलाकाराच्या खात्यावर जाऊन "तू नको, ती हवी" लिहिणं बंद करा. तिनं कुणाला काढलेलं नसतं. आपल्याकडं तर कलाकार राजवाड्यावर, वाईच्या घाटावर सहज भेटतात. भेटले तर "का सोडली?" हा प्रश्न नको, बऱ्याचदा त्यांना उत्तर देता येत नसतं. त्यापेक्षा एखादा सीन सांगा, कुठला आवडला, घरात कोण हसलं. सेल्फी मागाहून.

चॅनलला कळवायचं असेल तर जरूर कळवा, पण टीआरपीचा हिशोब समजून घ्या. बार्क म्हणजे कोण काय बघतं ते मोजणारी संस्था, तिचे मीटर देशभरात पन्नास हजारांच्या वर घरांत आहेत आणि कुठल्या घरात ते गुप्त असतं. आकडे आठवड्याला येतात, गुरुवारी. मीटर तुमच्या घरी नसेल तर तुम्ही टीव्ही बंद केल्याचं त्या आकड्यात दिसत नाही. पडद्याखालच्या पट्टीवर तक्रारीचा पत्ता येतो, तो आक्षेपार्ह काही दाखवलं तर कळवण्यासाठी. "मामीला परत आणा" हे त्यात बसत नाही.

एवढं करूनही जीव रमत नसेल तर मालिका सोडा, त्यात कमीपणा नाही. 1 फेब्रुवारी 2019 पासून ट्राय या सरकारी नियामक संस्थेच्या नियमानं एकेक चॅनल निवडता येतो, तसा काढताही येतो. फक्त चॅनल काढायला दुपारी जेवणं झाल्यावर सांगा, एपिसोड संपल्या संपल्या नको. रात्री आलेले असे फोन मी दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत हातच लावत नाही. तोवर बहुतेकांचा पुन्हा फोन येतो, "राहू द्या दादा, संध्याकाळी मामी येणार हाय म्हणत्यात."