असिस्टंट प्रोफेसरची जाहिरात यायच्या आधीच फाईल लावून ठेवा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही विद्यापीठात जागा निघाल्या की आधी ग्रुपवर पीडीएफ फिरते, मग सगळे कागद शोधायला लागतात आणि शेवटच्या तारखेच्या आत सगळं हातात येतंच असं नाही, म्हणून फाईल आत्ताच लावा. आधी पात्रता बघा. पीजीला ५५ टक्के आणि नेट (देशपातळीवरची पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्यपातळीवरची). जुलै २०२३ पासून पीएचडी सक्तीची नाही, पण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या गुणतक्त्यात विद्यापीठातल्या पदासाठी तिला ३० मार्क आहेत त्यामुळे स्क्रीनिंगला खूप फरक पडतो. आपली सेट महाराष्ट्र-गोव्यापुरतीच चालते हेही लक्षात असू द्या.

पीएचडीवर नेट-सेटमधून सूट घेणार असाल तर नुसती डिग्री पुरत नाही, विद्यापीठाचं वेगळं सर्टिफिकेट लागतं, आणि रजिस्ट्रेशन ११ जुलै २००९ च्या आधीचं असेल तर पाच मुद्द्यांचं: रेग्युलर मोड, दोन बाहेरचे परीक्षक, ओपन व्हायवा, दोन पेपर, दोन सेमिनारमधली प्रेझेंटेशन. यावर सही मिळवायला चकरा माराव्या लागतात, आजच अर्ज टाका.

आता सीएचबीवाल्यांसाठी, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांसाठी, आणि हे मी कळवळून सांगतेय. मी चार वर्षं तासिकेवर शिकवलं, प्राचार्यांचं अनुभव प्रमाणपत्र लेटरहेडवर, शिक्का-सही सगळं होतं, पण छाननीच्या टेबलावर मॅडमनी फाईल उलटसुलट चाळली आणि विचारलं, विद्यापीठाचं मान्यता पत्र कुठंय? ते नव्हतंच. अनुभवाच्या वर्षाला २ मार्क, म्हणजे ८ मार्क तिथल्या तिथे गेले. कॉलेजने विद्यापीठाकडे मान्यतेचा प्रस्तावच पाठवला नव्हता आणि मीही कधी विचारलं नव्हतं. तुम्ही दरवर्षी नियुक्तीपत्र, मान्यता पत्र आणि पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट एकत्र पिन करून ठेवा, वर्ष संपल्यावर कुणी देत नाही.

राखीव जागेवर अर्ज असेल तर जातीचा दाखला, जात वैधता, आणि नॉन क्रीमी लेयर, याची मुदत कधी संपते ते आधी बघा. छोट्या कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, डोमिसाईल. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी गॅझेट किंवा मॅरेज सर्टिफिकेट जोडायचंच, दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळलं नाही की शंका काढतात. आधीच नोकरीत असाल तर एनओसी मागून ठेवा.

छापून आलेल्या रिसर्च पेपरची पहिली दोन पानं, अनुक्रमणिका आणि आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) दिसणारं कव्हर, तिन्हीची झेरॉक्स.

ऑनलाईन फॉर्म भरला म्हणजे झालं असं समजू नका, बहुतेक ठिकाणी हार्ड कॉपीही मागतात, तीसुद्धा एकाहून जास्त सेटमध्ये, प्रत्येक पानावर स्वतःची सही आणि पान नंबर. पाकिटावर पदाचं नाव, विषय, प्रवर्ग आणि जाहिरात क्रमांक मोठ्या अक्षरात लिहा, स्पीड पोस्टची पावती लगेच मोबाईलमध्ये काढा, कारण तिच्यावरची अक्षरं हळूहळू उडून जातात.