शाळा एकत्र करणार म्हणाले, की आधी प्लॅनचा सेक्शन एफ उघडा

दर उन्हाळ्यात मला दोन-तीन तरी फोन येतात. "ताई, आम्ही नुकतेच पुण्याहून इंग्लंडला आलोय, मुलगी स्वमग्न आहे. चांगली विशेष शाळा कुठली ते सांगा, म्हणजे तिथेच घर बघतो." माझं उत्तर ठरलेलं आहे: घर ऑफिसला सोयीचं बघा. साध्या सरकारी शाळेत घर किती जवळ आहे ते बघतात, म्हणून आपले लोक ऑफस्टेडचा, म्हणजे शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेचा, शेरा बघून भाडं ठरवतात. विशेष शाळेत प्रवेश मिळतो तो ईएचसी (एज्युकेशन, हेल्थ अँड केअर) प्लॅनवर, म्हणजे मुलाच्या गरजा आणि त्यासाठीची मदत लिहिलेल्या कायदेशीर कागदावर. शिवाय ज्या शाळेच्या शेजारी घर घ्याल, ती शाळा दोन वर्षांनी त्याच नावाने आणि त्याच जागी असेलच असं नाही. आमची नव्हती. हे सगळं इंग्लंडबद्दल सांगतेय. वेल्स आणि स्कॉटलंडचे कायदे वेगळे आहेत.

आधी प्लॅनबद्दल. २०१४ च्या चिल्ड्रन अँड फॅमिलीज ॲक्टखाली कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, तुम्ही स्वतः पत्र लिहून मुलाची तपासणी मागू शकता, शाळेनेच लिहायला हवं असं नाही. तपासणी करणार की नाही हे ६ आठवड्यांत कळवायचं आणि अर्जापासून २० आठवड्यांत अंतिम प्लॅन द्यायचा, असा नियम आहे. उशीर सर्रास होतो, पण नियम आहे म्हणून निदान भांडता येतं. निदानाचा कागद हातात नसला तरी अर्ज करता येतो. जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) रांगेत थांबून वर्ष घालवू नका. भारतातलं ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र इथे कुणी विचारत नाही. तिथल्या थेरपिस्टचे अहवाल मात्र जरूर आणा, कारण इथे टक्का बघत नाहीत. मुलाला काय जमतं, काय जमत नाही आणि त्यासाठी काय लागेल, ते बघतात.

बरेचजण व्हिसाच्या भीतीने गप्प बसतात. शाळा आणि ईएचसी प्लॅन 'पब्लिक फंड्स'मध्ये (व्हिसावर मनाई असू शकते अशा सरकारी मदतीत) येत नाहीत, मागायला काही हरकत नाही. डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स हा अपंग मुलांसाठीचा भत्ता मात्र त्यात येतो. व्हिसावर पब्लिक फंड्सची मनाई असेल तर त्याचा अर्ज करू नका.

आता आमच्या मुलाच्या दप्तरातून आलेल्या एका पत्राकडे येते. आमच्या कौन्सिलने दोन विशेष शाळा एक करायचं ठरवलं तेव्हा पत्रात पैशाचा शब्दही नव्हता. दोन्ही शाळांची ताकद एकत्र येणार, एकाच छताखाली सगळ्या वयाची मुलं शिकणार, नवी संधी वगैरे. आम्ही नवरा-बायको पत्र वाचून खूश झालो होतो, हे आज कबूल करते. एका जुन्या इंग्लिश आईने विचारलं, "बंद कुठली होणार आहे?" तो प्रश्न आमच्या डोक्यातच आला नव्हता.

कौन्सिलच्या शाळांचं 'एकत्रीकरण' कायद्यात दोन प्रकारे होतं. एक तर दोन्ही बंद करून तिसरी नवी काढायची, नाहीतर एक बंद करून दुसरी वाढवायची. दुसऱ्या प्रकारात एका शाळेचे गव्हर्नर (कारभार बघणारं मंडळ) आणि रीतभात टिकते, दुसरीची जाते. दोन समान शाळांचं लग्न लागत नाही, एक सासरी जाते. आपलं मूल कुठल्या बाजूला आहे ते पहिल्याच दिवशी बघा. ॲकॅडमी, म्हणजे कौन्सिलच्या ताब्यात नसलेली सरकारी शाळा, असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कौन्सिल एकटी ठरवू शकत नाही.

क्रम असा: आधी सल्लामसलत, मग जाहीर नोटीस, मग हरकतींसाठी ४ आठवडे, मग निर्णय. बहुतेक पालक नोटीस निघाल्यावर जागे होतात, तोवर आराखडा पक्का झालेला असतो. पहिल्या टप्प्यातच लेखी उत्तर द्या, आणि नवरा-बायकोंनी वेगवेगळं द्या. 'शाळा बंद करू नका' एवढंच लिहिलंत तर ते विरोधाच्या आकड्यात जमा होतं आणि विषय संपतो. प्रश्न लिहा. शांत खोली किती? हॉइस्ट (मुलाला उचलायचं यंत्र) कुठे? स्पीच थेरपिस्टचे तास दोन्ही शाळांचे मिळून तेवढेच राहणार की कमी होणार? सरकारी मार्गदर्शनानुसार अशा फेरबदलामुळे विशेष मुलांच्या सोयी सुधारतील, हे कौन्सिलने दाखवायचं असतं. सुधारणा नेमकी कुठे आहे, हे शांतपणे विचारा.

पत्र सुट्टीच्या तोंडावर आलं, कारणं मोघम दिली, निर्णय आधीच झाल्यासारखा वाटला, तर एक नाव लक्षात ठेवा: गनिंग. १९८५ चा हा खटला ब्रेंट कौन्सिलने शाळांची फेररचना केली त्यावरूनच झाला. ब्रेंट म्हणजे वेम्बली. १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळ लंडनची डॉलिस हिलची वास्तूही त्याच हद्दीत. त्या खटल्यातून आलेली चार तत्त्वं आजही चालतात. प्रस्ताव कच्चा असतानाच लोकांना विचारायचं, कारणं पुरेशी द्यायची, विचार करून उत्तर द्यायला वेळ द्यायचा, आणि आलेली उत्तरं मनापासून विचारात घ्यायची. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हॅरिंगे कौन्सिलच्या प्रकरणात ती उचलून धरली. कोर्टात जायची गरज सहसा पडत नाही. पत्रात हा शब्द आला की उत्तराचा सूर बदलतो, एवढं मी पाहिलंय.

पण आम्ही हरलो ते इथे नाही. आम्ही सभेला गेलो, मुख्याध्यापिका भेटल्या, फार चांगल्या बाई. "हायड्रोथेरपीचा (पाण्यातल्या व्यायामाचा) पूल आहे तसाच राहील," म्हणाल्या. आपल्याकडे साहेबाने शब्द दिला की काम झालं म्हणून आपण घरी येतो, तसे आम्ही आलो. पूल राहिलाही, फक्त दुप्पट मुलांसाठी राहिला. आमच्या मुलाच्या प्लॅनमध्ये लिहिलं होतं, 'योग्य वाटेल तेव्हा हायड्रोथेरपीची संधी मिळेल.' त्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलाच्या प्लॅनमध्ये होतं, 'आठवड्यातून एकदा, ३० मिनिटं, प्रशिक्षित माणसासोबत.' त्याचा पूल टिकला. आमच्या मुलाच्या बाबतीत शाळेला ते 'योग्य वाटेनासं' झालं.

ही ओळ प्लॅनच्या सेक्शन एफमध्ये असते. सेक्शन बीमध्ये मुलाच्या गरजा, एफमध्ये त्यावर काय द्यायचं ते, आणि आयमध्ये शाळेचं नाव. शाळा एक झाल्या की आयमधलं नाव बदलतं, पण एफमध्ये नेमकं लिहिलेलं असेल ते द्यायची कायदेशीर जबाबदारी कौन्सिलचीच राहते, इमारत कुठलीही असो. म्हणून कुजबुज कानावर आली की वार्षिक आढावा लवकर मागा आणि 'संधी', 'आवश्यकतेनुसार', 'नियमित' असे शब्द खोडून आकडे घालून घ्या. किती वेळा, किती मिनिटं, कोण करणार. बाई कितीही गोड असल्या तरी.

प्लॅनमध्ये बदल करायचा असेल तर कौन्सिलने आधी मसुदा पाठवायला हवा आणि उत्तराला किमान १५ दिवस द्यायला हवेत. अंतिम प्लॅन पटला नाही तर ट्रायब्युनलमध्ये (अशा वादांच्या खास न्यायालयात) अपील करता येतं, निर्णयाच्या पत्रापासून २ महिन्यांत. त्याआधी सहसा मध्यस्थीबद्दलचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. प्रमाणपत्र मिळाल्यापासूनचा महिना नंतर संपत असेल तर तेवढी मुदत मिळते. अपील केलं की मुलाशी वाईट वागतील, ही भीती आमच्यात होती. तसं काही झालं नाही. वकील लागतोच असं नाही. प्रत्येक कौन्सिलच्या भागात सेंडियास (SENDIASS) नावाची मोफत सल्लासेवा असते, आणि आयप्सी (IPSEA) ही संस्था फोनवर कायदा समजावून सांगते. सरकार ही सगळी व्यवस्था बदलायच्या विचारात आहे, म्हणून मुदती त्यांच्याकडून ताज्या करून घ्या.

विलीनीकरण वाईटच, असं माझं म्हणणं नाही. आमच्या मुलाला आता अकरा वर्षांचा झाल्यावर माध्यमिकसाठी शाळा बदलावी लागली नाही, आणि नव्या इमारतीत एकही जिना नाही. पण प्रवास १५ मिनिटांचा ४० झाला. टॅक्सी कौन्सिल देते, फक्त तिचा अर्ज वेगळा असतो आणि तो आपोआप पुढे सरकत नाही.

आणि एक गोष्ट आम्हाला कुणीच सांगितली नव्हती. पहिले तीन आठवडे तो टॅक्सीतून उतरायलाच तयार नव्हता. फाटक हिरव्याऐवजी निळं होतं, एवढंच. आधीच्या सत्रात शाळेकडून नव्या फाटकाचे, व्हरांड्याचे, संडासाचे फोटो मागून घ्या, शनिवारी एकदा बाहेरून फेरी मारा, आणि आत दोनदा नेऊन आणायला सांगा. आम्ही हे चौथ्या आठवड्यात केलं.