यूकेत गाडी बदलताय? टॅक्स रिफंडच्या या चुका टाळा

दर महिन्याच्या दोन-तीन तारखेला मला कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच. "दादा, जुनी गाडी दिली, तिचा रोड टॅक्स वर्षभराचा भरला होता, मग रिफंड एवढासाच कसा?" मी विचारतो, डीव्हीएलएला (इथलं आरटीओ समजा) गाडी दिल्याचं कधी कळवलंस? तर उत्तर ठरलेलं, "ते डीलर करणार होता ना." झालं!

आपल्याकडून आलेल्या माणसाचा गोंधळ मुळात कुठे होतो ते आधी सांगतो. महाराष्ट्रात गाडी घेतानाच वन टाइम टॅक्स भरतो, पुढे गाडी विकली तरी तो गाडीबरोबरच जातो. इथे तसं नाही. १ ऑक्टोबर २०१४ पासून काचेवरची ती गोल टॅक्स डिस्क गेली आणि तेव्हापासून टॅक्स गाडीबरोबर जात नाही. विकणाऱ्याला उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत, आणि घेणाऱ्याने गाडी रस्त्यावर काढायच्या आधी स्वतःचा टॅक्स भरायचा. "पूर्ण महिन्यांचे" हे शब्द नीट वाचा. महिना मोजतात तो गाडी दिल्याच्या तारखेपासून नाही, डीव्हीएलएला कळल्याच्या तारखेपासून.

हे मी स्वतः पैसे घालवून शिकलोय. २८ सप्टेंबर २०१९, शनिवार. जुनी गाडी डीलरला पार्ट एक्स्चेंजमध्ये दिली, दुसरी घेतली. सेल्समन गोड बोलणारा, म्हणाला लॉगबुक (गाडीच्या नोंदणीचा कागद, आपल्या आरसीसारखा) ठेवून जा, पेपरवर्क सोमवारी करतो. मी पण नव्या गाडीच्या नादात, ठेवलं आणि निघालो. सोमवार होता ३० तारीख, त्याने केलं मंगळवारी, म्हणजे १ ऑक्टोबरला. एका दिवसाने माझा ऑक्टोबर गेला. बरं, नव्या गाडीचा टॅक्स मी शनिवारीच भरलेला, आणि तो लागू होतो महिन्याच्या १ तारखेपासून, म्हणजे सप्टेंबरचे तीन दिवस गाडी वापरायला अख्ख्या सप्टेंबरचे पैसे. त्याच सप्टेंबरचे जुन्या गाडीवर भरलेलेच होते! एका महिन्याचा टॅक्स दोन गाड्यांवर आणि पुढच्या महिन्याचा अशा गाडीवर जी माझ्याकडे नाहीच.

इथेच संपलं असतं तर बरं. रिफंडचा चेक येतो लॉगबुकवरच्या नावाने आणि लॉगबुकवरच्या पत्त्यावर. मी वर्षभरापूर्वी स्लाउहून रेडिंगला आलो होतो, लायसन्सवर पत्ता लगेच बदलला आणि वाटलं झालं काम. लायसन्स आणि लॉगबुक दोन्ही डीव्हीएलएचंच, पण पत्ता दोन्हीकडे वेगवेगळा बदलावा लागतो. दोन महिने वाट बघून शेवटी जुन्या घरी गेलो तर तिथल्या नव्या भाडेकरूने पाकीट चक्क मायक्रोवेव्हवर ठेवलेलं, पिझ्झाच्या पत्रकांखाली. भला माणूस, चहा पण पाजला.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलीय. डीलरच्या टेबलावर बसून, किल्ली अजून माझ्या खिशात असताना, लॉगबुकवरचा ११ आकडी नंबर टाकून मी स्वतः फोनवरून ऑनलाइन कळवतो, कन्फर्मेशनचा स्क्रीनशॉट घेतो, मगच किल्ली देतो. पाच मिनिटं लागतात. सेल्समन तोंड वाकडं करतो, करू दे. आणि शक्यतो जुनी गाडी महिनाअखेरीच्या आत द्यायची आणि नवी १ तारखेनंतर घ्यायची, मधे दोन दिवस बसने जा की, काही बिघडत नाही. पण आपल्या लोकांना गाडी आजच हवी असते.

रक्कम छोटी वाटते म्हणून सोडू नका. २०२५-२६ मध्ये वर्षाचा स्टँडर्ड रेट होता १९५ पाउंड, म्हणजे महिन्याला सव्वासोळा. पण कोरी असताना ४० हजार पाउंडांवर किंमत असलेल्या गाडीला त्या वर्षी वर ४२५ ची भर पडायची, तिथे एक महिना चुकला तर पन्नासच्या वर गेले.

घेणाऱ्यांची चूक याहून महाग पडते. पुण्याहून नुकत्याच आलेल्या एका मुलाने रविवारी डीलरकडून नाही, थेट मालकाकडून गाडी घेतली, विकणारा म्हणाला मार्चपर्यंत टॅक्स आहे, आणि याने विश्वास ठेवला. विकणाऱ्याने कळवल्यावर तो टॅक्स तिथेच संपला. नवव्या दिवशी घरासमोर गाडीला क्लॅम्प, म्हणजे चाकाला कुलूप! सोडवायला १०० पाउंड, आणि टॅक्स भरलेला नसेल तर वर १६० डिपॉझिट. याने तिथेच उभं राहून टॅक्स भरला म्हणून शंभरावर निभावलं. अरे, विकणाऱ्याकडून लॉगबुकची हिरवी स्लिप घ्यायची, तिच्यावरचा १२ आकडी नंबर टाकून टॅक्स भरायचा आणि मग गाडी हलवायची, एवढंच तर होतं.

बाकीच्या चुका भराभर सांगतो. बँकेत जाऊन डायरेक्ट डेबिट स्वतः बंद करू नका, गाडी विकल्याचं कळवलं की ते आपोआप बंद होतं. हप्त्यांवरचा ५ टक्के किंवा सहामाहीवरचा १० टक्के सरचार्ज परत मिळत नाही, त्यासाठी भांडून उपयोग नाही. कोरी गाडी पहिल्याच वर्षात विकलीत तर पहिल्या वर्षीचा तो मोठा रेट धरून हिशेब करू नका, दोन्हीतला कमी रेट धरतात. फॅन्सी नंबर ठेवायचा असेल तर गाडी द्यायच्या आधी काढून घ्या.

आणि ते "विकण्याआधीच सॉर्न करून (म्हणजे गाडी रस्त्यावर नाही असं डीव्हीएलएला कळवून) रिफंड घेतो" वाले हुशार लोक. करा, कायदेशीर आहे, पण मग गाडी ड्राइव्हवेवर किंवा गॅरेजमध्येच ठेवायची. रस्त्यावर पार्क पण नाही आणि गिऱ्हाइकाला टेस्ट ड्राइव्ह पण नाही. महिन्याचे सोळा पाउंड वाचवायला गिऱ्हाईक घालवणारे मी बघितलेत.

रिफंड आला आहे, लिंकवर बँकेचे डिटेल्स भरा, असा टेक्स्ट मेसेज आला तर डिलीट करा. खरा रिफंड चेकने येतो, पोस्टाने, आणि तुम्ही लॉगबुकवरचा पत्ता बदलला नसेल तर जुन्या घरच्या मायक्रोवेव्हवर.